आपण आलो ते इथेच

लंडन
१४ नोव्हेंबर १९५०

मेबल,

तुझं पत्र आलं. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरने चहा कमी करायला सांगितला, हे वाचून मला हसू आलं. गुडघ्याचा आणि चहाचा काय संबंध? डॉक्टर बदल.

आता कामाचं. विल्फचा कोट मला पाठवून दे. सगळं वाच, मग चीड.

तू अजून शेजारणींना सांगत असशील, आमची हेटी सिनेमात आहे. अगं, मी कपडेवाली आहे. आमचा स्टुडिओ म्हणजे पूर्वीची धोबीखान्याची पत्र्याची शेड, अजून सोड्याचा वास मारते. इथे मोठे सिनेमे होत नाहीत. मोठ्याच्या जोडीला आधी एक छोटा लावतात ना, काळापांढरा, एक खून, एक इन्स्पेक्टर, एक वाईट चालीची बाई? ते इथे होतात. दोन आठवड्यांत एक उरकतात. भिंती कापडाच्या. दार जोरात लावलं की अख्खी पोलीसचौकी हलते. गर्दी हवी असली की चारच माणसं टोप्या बदलून पुन्हा पुन्हा फिरतात. बंदर दाखवायचं तर धूर सोडायचा आणि त्याला धुकं म्हणायचं.

नट आपापल्या घरचे कपडे घालून येतात, नसेल ते मी जमवते. पुढच्या सिनेमात गोदीवरचा एक कारकून मरतो. मिस्टर रॉलिन्स नावाचा नट आहे, दाराएवढा उंच, आणि अंगावर पातळ रेनकोट. आमचा दिग्दर्शक पेल्हम म्हणतो, मिसेस टास्कर, मला असा कोट पाहिजे की धुक्यातसुद्धा लांबून ओळखू यावा. मला विल्फचाच आठवला. राखी, मोठ्या चौकडीचा, रुंद कॉलरचा. विल्फ तेवढाच उंच होता.

नऊ वर्षं तो स्वयंपाकघराच्या दाराआड खुंटीला लटकतो आहे. दर रविवारी तू त्याला ब्रश मारतेस. कुणासाठी? सैन्याने आधी बेपत्ता लिहिलं, मग मृत समजावं असं लिहिलं. तुझ्याखेरीज सगळे तसं समजले. माझा सिडनी बाँबखाली गेला तेव्हा त्याला ढिगाऱ्यातून काढताना मी समोर उभी होते. वाईट होतं, पण बघून झालं. तुला बघायला मिळालं नाही, हे मला कळतं. पण म्हणून कोटाला नवरा करून बसायचं का?

पाठव. कसर लागण्यापेक्षा कुणाच्या अंगावर तरी चढू दे.

हेटी

---

बर्नली
२१ नोव्हेंबर १९५०

प्रिय हेटी,

तुझं पत्र वाचलं आणि तीन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. मागावर उभी राहून भांडले, त्यामुळे दोन धागे तुटलेले माझ्या लक्षात आले नाहीत आणि मिस्टर एन्टविसलना येऊन सांगावं लागलं. ते आमच्या खात्याचे जॉबर, मागांवर देखरेख त्यांची. ओरडले नाहीत. ते ओरडतच नाहीत. म्हणाले, "मिसेस ग्रिमशॉ, आज कुणाशी भांडताय?" मी म्हटलं, बहिणीशी. ते म्हणाले, "मग भांडून घ्या, माग मी बघतो."

कोट पाठवते आहे. देत नाहीये, उसना पाठवते आहे, हे ध्यानात ठेव. तुझ्या पेल्हमला सांग, त्याला कात्री लावायची नाही. भिजवायचा नाही, भिजला की ते कापड आखडतं. आणि तो घालून कुणी विड्या फुंकायच्या नाहीत, विल्फ पाइप ओढायचा, कॉलरला अजून थोडा वास आहे. तो जाता कामा नये.

खुंटी मोकळी कशी दिसते ते बघवेना, म्हणून तिथे पिठाची चाळण लावली.

तू सिडनीचं लिहिलंस, त्यावर मी काही बोलत नाही. तुझं तू पाहिलंस. पण माझ्याकडे दोन छापील कागद आले, हेटी. कागद चुकू शकतात. आपल्या गल्लीतला फ्रेड परत आलाच ना, त्याच्या आईने शोकाचे काळे कपडे शिवून झाल्यावर?

डॉक्टर बदलला नाही. चहा मात्र चालू केला.

तुझी,
मेबल

---

लंडन
१० डिसेंबर १९५०

मेबल,

कोट पोचला, कामाला लागला आणि मेलासुद्धा. ऐक.

सिनेमाचं नाव 'गोदी नंबर नऊ'. सुरुवातीलाच तो कारकून स्वयंपाकघरात चहा पितो, खुंटीवरचा कोट काढतो, बायकोला म्हणतो, आलोच मी, आणि मागच्या दाराने बाहेर पडतो. मग गोदी. धूर. त्याने चोरीचा माल बघितलेला असतो, म्हणून त्याला गोळी घालतात आणि तो पाण्यात पडतो. पुढे सगळा वेळ इन्स्पेक्टर लोकांना पिडत फिरतो.

पेल्हम म्हणाला, मिसेस टास्कर, कोटाला भोक पाडा. मी म्हटलं, तुमच्या विजारीला पाडते, कोटाला नाही. एवढासा पोरगा आहे, लढाईत कॅप्टन होता म्हणून अजून हुकूम सोडतो. शेवटी मी काळ्या मखमलीचा गोल तुकडा कापला आणि पिन लावून टोचला. लांबून भोकच वाटतं. मग रॉलिन्सला म्हणे, आता पाण्यात पडा. आमच्याकडे पाणी म्हणजे एक टाकी. मी कोट धरून उभी राहिले. रॉलिन्स पण म्हणाला, मला सर्दी आहे. तेव्हा तो खोक्यांच्या मागे नुसता वाकला आणि दोघांनी टाकीत वाळूचं पोतं फेकलं. धप्प. पेल्हम अंगभर भिजला. कोट कोरडा.

विड्यांचं म्हणशील तर रॉलिन्सला मी बजावलं होतं. बिचारा दर वेळी कोट काढून, घडी करून माझ्या हातात द्यायचा आणि मग बाहेर जाऊन फुंकायचा.

एक सांगते. तो खोक्यांमागे पडला तेव्हा मी पाठीमागून बघत होते. नुसता कोट दिसत होता, तोंड दिसत नव्हतं. माझ्यासारखी बाईसुद्धा त्याला उचलायला दोन पावलं पुढे गेली. मग मनात आलं, मेबलने हे बघायला पाहिजे.

सिनेमा तयार होऊन तुमच्याकडे यायला सहा-सात महिने जातील. आला की तू जायचं. हे मी विचारत नाहीये, सांगते आहे. कोट माझ्याकडे कुलपात आहे, सगळं काम उरकलं की पाठवते.

हेटी

---

बर्नली
३ जानेवारी १९५१

प्रिय हेटी,

तू सांगतेस त्यामागे काय आहे ते मला कळत नाही असं समजू नकोस. लहानपणी अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत झोपा काढत आपण दोघी वाढलो, पण तुझ्या डोक्यात काय शिजतं ते मला तेव्हाही कळायचं आणि आताही कळतं. विल्फचा कोट मरताना मी बघावा, म्हणजे मला पटेल, असंच ना? बघेन. घाबरत नाही.

आता माझं ऐक आणि किंचाळू नकोस. नाताळच्या दुसऱ्या दिवशी मिस्टर एन्टविसल घरी आले. त्यांच्या भाजीच्या वाफ्यातला कोबी घेऊन आले होते, एवढा मोठा की दारातून आधी कोबी आला. बायको जाऊन त्यांना सहा वर्षं झाली. टोपी हातात फिरवत खुर्चीच्या कडेला बसले आणि म्हणाले, "मिसेस ग्रिमशॉ, मी फार बोलणारा माणूस नाही. लग्न कराल का?" मी त्या चाळणीकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. त्यांना ठाऊक आहे तिथे काय असायचं ते.

मी म्हटलं, माझा नवरा परत आला तर? ते म्हणाले, "तर मी त्यांच्याशी हात मिळवीन आणि घरी जाईन." हसले नाहीत, मनापासून म्हणाले.

मी मुदत मागून घेतली. जुलैत गिरण्यांची सुट्टी लागते तेव्हा हो की नाही ते सांगणार आहे. त्यांची मुलगी त्यांना कॅनडाला बोलावते आहे. मी नाही म्हटलं तर ते ऑगस्टात जातील.

हेटी, मला तो माणूस आवडतो. पण हो म्हणायला तोंड उघडलं की मागच्या दाराची कडी वाजल्यासारखी वाटते.

तुझी,
मेबल

---

लंडन
१९ मार्च १९५१

मिस्टर एन्टविसल यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. मी मेबल ग्रिमशॉची बहीण. तुमच्या घरचा पत्ता माहीत नाही म्हणून गिरणीच्या पत्त्यावर लिहिते. हे पत्र मेबलला दाखवू नका.

आमच्या स्टुडिओत एक सिनेमा झाला आहे, त्यात विल्फचा कोट आहे. मेबलने तुम्हाला सांगितलंच असेल. तो कोट घातलेला माणूस सुरुवातीला मरतो. मी तिला हट्टाने सांगितलं की हे तू बघच. माझा हेतू वाईट नव्हता. आणि त्यात तुमचाही फायदाच होता.

पण माझे लोक मूर्ख आहेत. सिनेमा जोडून झाला आणि मोजला तर दहा मिनिटं कमी भरला. ठरल्या लांबीचा नसला तर घेणारा घेत नाही. मग काय? नट रिकामा, कोट माझ्याकडे, स्वयंपाकघर अजून उभं. पेल्हमने दुपारी जेवताना ठरवलं की तो कारकून मेलाच नव्हता. पोहत पलीकडे गेला आणि लपून बसला. आता शेवटी तो मागच्या दाराने घरात येतो, बायकोच्या हातून कप पडतो, तो कोट काढून खुंटीला लावतो आणि संपतं. मी भांडले. पेल्हम म्हणाला, मिसेस टास्कर, लोकांना हेच आवडतं. मी म्हटलं, लोकांचं मला सांगू नका, मला माझ्या बहिणीची काळजी आहे. त्याला काही कळलं नाही.

तुम्हाला कळेल. तिने हे पाहिलं की संपलं. नऊ वर्षं ती ज्याची वाट बघते आहे ते तिला पडद्यावर दिसणार, त्याच कोटात, त्याच खुंटीवर. मग तुम्ही खुशाल कॅनडाला जा.

म्हणून सांगते. सिनेमा तिकडे आला की तिला दुसरीकडे कुठेतरी न्या. आजारी पडा. पाय मोडून घ्या. काहीही करा. 'गोदी नंबर नऊ' नाव आहे, लक्षात ठेवा.

कोबी मोठा होता असं कळलं.

हेटी टास्कर

---

बर्नली
२५ मार्च १९५१

मिसेस टास्कर यांस,

आपलं पत्र मिळालं. आभारी आहे.

आपण लिहिता तसं मला करता येणार नाही. मिसेस ग्रिमशॉंना मी आजवर खोटं सांगितलेलं नाही. सुरुवातच तशी केली तर पुढे जमणार नाही. त्या ह्या सिनेमाची वाट बघत आहेत. तो आला की मी त्यांना घेऊन जाईन. एकटीने बघण्यापेक्षा बरं.

आपण कथा नीट समजावून लिहिलीत याबद्दल विशेष आभार. ती मी दोनदा वाचली.

मिसेस ग्रिमशॉ गुडघ्याला शेक देतात. आता बरा आहे.

आपला,
सेथ एन्टविसल

---

लंडन
२ एप्रिल १९५१

मेबल,

सिनेमाचं विसर. फार वाईट झाला आहे. कॅमेरा हलतो. आवाज फाटका आहे. सगळे म्हणतात, बघण्यासारखा नाही. तुमच्याकडे बहुतेक येणारसुद्धा नाही. तू उगाच पैसे घालवू नकोस, त्यापेक्षा गुडघ्याला लोकरीची पट्टी घे.

आणि त्या एन्टविसलला मुदतीची वाट बघायला लावू नकोस. आत्ताच हो म्हण. माणूस हट्टी आहे असं वाटतं, पण नवरा म्हणून हट्टी चालतो.

हे मी सहज लिहिते आहे.

हेटी

---

बर्नली
१२ एप्रिल १९५१

प्रिय हेटी,

तू आयुष्यात काही सहज लिहिलं नाहीस. डिसेंबरात म्हणतेस, जायचं, विचारत नाही, सांगते आहे. एप्रिलमध्ये म्हणतेस, लोकरीची पट्टी घे. कोटाला काही झालं का? फाटला असला तर सरळ सांग. मी रडेन आणि मग शिवीन.

मिस्टर एन्टविसल हट्टी आहेत हे तुला कुणी सांगितलं? मी तर कधी लिहिलं नव्हतं.

सिनेमा बघणार म्हणजे बघणार.

मेबल

---

लंडन
१८ एप्रिल १९५१

मेबल,

कोट धड आहे. एक बटण ढिलं होतं ते मी घट्ट केलं. बाकी मी काही सांगत नाही. तू ऐकणारी असतीस तर माझे एवढे केस पांढरे झाले नसते.

हेटी

---

बर्नली
२४ जून १९५१

प्रिय हेटी,

सिनेमा पाहिला. बस, चहा घे आणि मग वाच, हे लांबणार आहे.

आमच्या अलहम्ब्रामध्ये गुरुवारपासून लागला होता. मोठा सिनेमा रंगीत होता, घोड्यांचा. शनिवारी गिरणी सुटल्यावर जायचं ठरलं. मिस्टर एन्टविसल सव्वादोनला कोपऱ्यावर भेटणार होते. हा माणूस वेळेचा इतका पक्का की गल्लीतल्या बायका त्याच्या चालण्यावर घड्याळ लावतात. आणि त्या दिवशी आलाच नाही. मी उभी. नवी टोपी घातलेली, हातमोजे घातलेले, आणि येणारीजाणारी प्रत्येक जण विचारते, "काय मेबल, कुणी फसवलं वाटतं?" मी सगळ्यांना हसून दाखवलं आणि आतून उकळत होते.

आले तेव्हा तीन वाजून गेले असावेत. नुसतं म्हणाले, "उशीर झाला. चला." कारण नाही, माफी नाही. तुला माहीत आहे, आमच्याकडे सिनेमा अर्ध्यातून बघण्याचं कुणाला काही वाटत नाही. खेळ दुपारपासून सलग चालू असतो. हवं तेव्हा जायचं, आलो तिथवर पुन्हा आलं की उठायचं. आपली आई तर कायम शेवट आधी बघायची, म्हणायची, आता सुखाने बसते.

आम्ही अंधारात चाचपडत बसलो तेव्हा तुझा इन्स्पेक्टर एका चहावाल्याला दटावत होता. मागची भिंत हलली. मी मिस्टर एन्टविसलना म्हटलं, ही हेटीची भिंत. मागची बाई म्हणाली, "श्श!"

मग थोड्या वेळाने एक स्वयंपाकघर आलं. मागचं दार उघडलं आणि कोट आत आला.

मी तुला काय सांगू. मला रॉलिन्सचं तोंड दिसलंच नाही. कोट दिसला. त्या बाईच्या हातून कप पडला, मी माझ्या हातातली पिशवी घट्ट धरली. त्याने कोट काढला आणि खुंटीला लावला. विल्फसारखाच, आधी कॉलर झटकून. ते तू शिकवलंस का त्याला? आणि संपलं. दिवे लागले. आइस्क्रीमवाली आली.

मिस्टर एन्टविसल समोर बघत बसले होते, टोपी गुडघ्यावर. मी म्हटलं, तो परत आला. ते म्हणाले, "हो." मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, "हो. अजून बाकी आहे. बसाल ना?" मला उठून पळत घरी जायचं होतं, हेटी. खरं सांगते. चाळण काढून खुंटी मोकळी करायची होती. पण त्यांनी बसाल ना म्हटलं म्हणून बसले.

बातम्या झाल्या. घोडे झाले. पोरं टाळ्या वाजवत होती. मला काही दिसत नव्हतं.

मग तुझा सिनेमा पहिल्यापासून लागला. तेच स्वयंपाकघर. तो चहा पीत होता. घाईघाईने नाही, सावकाश, बशीत ओतून. कोट खुंटीवर होता, आत्ता मघाशीच लावलेला. त्याने तो काढला, अंगात घातला, बायकोला म्हणाला, आलोच मी. आणि गेला. धूर. गोळी. तुझा मखमलीचा गोल फार मोठा झाला आहे, पेनीएवढा, गोळीने एवढं भोक पडत नाही. तरीही मी ओरडले. तोफेसारखा धप्प आवाज झाला आणि मला वाळूचं पोतं आठवलं, तरीही रडू आलं ते थांबेना. नऊ वर्षांत रडले नव्हते. दाराची कडी वाजली तर डोळे पुसलेले असावेत म्हणून रडतच नव्हते. मागची बाई पुन्हा श्श म्हणाली, तेव्हा मिस्टर एन्टविसल मागे वळले आणि म्हणाले, "बाई, घरचं माणूस आहे." मग तिने मला पेपरमिंट दिली.

पडद्यावर इन्स्पेक्टर आला. चहावाल्याला दटावू लागला. भिंत हलली. मिस्टर एन्टविसल माझ्या कानाशी म्हणाले, "मेबल, आपण आलो ते इथेच." पहिल्यांदाच मेबल म्हणाले. आणि मी उठले.

बाहेर ऊन होतं. आम्ही कालव्याच्या कडेने चाललो. वजडीच्या दुकानापाशी ते थांबले आणि म्हणाले, "मला एक सांगायचं आहे. मी वेळेवरच आलो होतो. इथे उभा होतो, दुकानाच्या आडोशाला. तुम्ही कोपऱ्यावर दिसत होतात. मी मुद्दाम थांबलो." मग खिशातून तुझं पत्र काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "तुम्हाला नेणार नाही असं मला करता येत नव्हतं. पण कुठून आत शिरायचं तेवढं माझ्या हातात होतं. रागवायचं तर रागवा."

रागावले. चांगलीच. त्या आडोशाला उभं राहून लोक माझी थट्टा करताना बघत होतात, असं म्हटलं. ते म्हणाले, "ते वाईट होतं. दोनदा निघालो आणि दोनदा मागे फिरलो." आणि दुकानदारीण आतून म्हणाली, "खरं आहे ग, मेबल. मला वाटलं ह्याचं पोट बिघडलं."

घरी येऊन मी एकटी बसले. मी खुळी नाही, हेटी. सिनेमाचं पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं, मला कळतं. तुझ्या पेल्हमने त्याला जिवंत केलं, तेही कळलं. पण मी पाहिलं ते तसं पाहिलं, आणि तसंच तर झालं होतं. विल्फ एक्केचाळीस सालच्या शरदात सुट्टीवर आला होता. मागच्या दाराने. मला पत्ताच नव्हता, माझ्या हातून पिठाचं भांडं पडलं होतं. खाकी उतरवून त्याने आपला कोट घातला, चार दिवस तोच घालून फिरला. शेवटच्या सकाळी कॉलर झटकून कोट खुंटीला लावला, खाकी चढवली, बशीत ओतून चहा प्यायला, आलोच मी म्हणाला आणि गेला.

तो परत आला होता ग. येऊन गेला. मी नऊ वर्षं त्या भागाची वाट बघत बसले होते जो माझा बघून झाला होता.

सेथना मी काल हो म्हटलं. सुट्टीची वाट पाहिली नाही. त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं की माझे आभार मानून ते सरळ निघून गेले, आणि टोपी विसरली म्हणून परत आले, तेव्हा नीट बोलणं झालं.

लग्न सुट्टीच्या पहिल्या शनिवारी, चॅपेलमध्ये. तू येणार. हे मी विचारत नाहीये.

आता कोटाचं. परत पाठवू नकोस. सेथ बुटके आहेत, त्यांच्या टाचांना लागेल. आणि खुंटीवर नको. तिथे चाळण बरी दिसते, हाताशी येते. तुमच्याकडेच राहू दे त्याला. पण नुसता कुलपात ठेवू नकोस. कामाला लाव. विल्फला रिकामं बसवत नसे. फक्त भिजवू नका.

तुझी,
मेबल

ता. क. तू कॅनडाचं त्यांना फार टोचून लिहिलं आहेस. ते म्हणतात, तेवढंच वाचून मला धीर आला, मी जाऊ नये असं कुणाला तरी वाटत होतं.

---

लंडन
३० जून १९५१

मेबल,

पत्र मिळालं. एकदाच वाचलं. कामाच्या वेळी वाचलं ही चूक झाली. पेल्हम आत आला, म्हणाला, मिसेस टास्कर, कुणी गेलं का? मी म्हटलं, हो, नऊ वर्षांपूर्वी, तुम्ही तुमचं बघा.

कॉलर झटकायला मी कुणाला शिकवलं नाही. रॉलिन्सने आपल्या मनाने केलं. मी त्याला विचारलं, तर म्हणतो, कोटच तसा आहे, हात आपोआप जातो.

तुझ्या सेथला सांग, मी त्याच्यावर रागावले आहे. मी त्याला पाय मोडून घ्यायला सांगितलं होतं. पण हे मला सुचलं नसतं. मी एवढी वर्षं असले सिनेमे होताना बघते, कात्रीने तुकडे पुढचे मागे करताना बघते, आणि मला नाही सुचलं. जाऊ दे. वजडीच्या दुकानाआड उभं राहून सुचलेलं आहे, फार चढवून ठेवू नकोस त्याला.

कोट ठेवून घेतला. कालपासून नवीन सिनेमा चालू झाला. त्यात एक रेल्वे स्टेशन आहे, म्हणजे एक बाक आणि धूर. पेल्हम म्हणाला, बाकावर एक माणूस बसलेला पाहिजे, बोलायचं काही नाही, नुसता पेपर वाचत बसेल. मी म्हटलं, त्याला कोट आहे माझ्याकडे. पेल्हम म्हणाला, हा मारायला चांगला आहे, राखून ठेवा. मी म्हटलं, हा आता मरणार नाही. एकदा मेला तेवढं पुरे. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हो म्हटलं. तेव्हा कोट आता बाकावर आहे. इकडे पळापळ होते, गोळ्या सुटतात, इन्स्पेक्टर धावतो, आणि तो आपला पेपर वाचतो. कुणी त्याला हात लावत नाही. दर संध्याकाळी मी त्याला ब्रश मारून ठेवते. रविवारीच नाही, रोज.

हा सिनेमा तुमच्याकडे पुढच्या वर्षी येईल. पाहिजे तिथून आत शिर, बाकावर तो दिसेलच.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. माझी निळी टोपी आणते, तू तुझी ती तपकिरी घालू नकोस, त्यात तू पोस्टातल्या बाईसारखी दिसतेस. आणि सेथला म्हणावं, स्टेशनवर मला घ्यायला ये. वेळेवर.

हेटी